उलटे खिसे

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. काम: ओझरहून विमानाने गोव्याला जाऊन आमच्या क्लबच्या कॅटमरानसाठी जुनं शीड आणि दोर आणणं. दोन होड्या जोडल्यासारखी ही बोट गंगापूर धरणावर शिडाविना पडून होती.

सोबत शेजारचे काका, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. तिथे रोज सुटताना झडती व्हायची. त्यामुळे आजही माझ्याकडे चहा पिऊन निघताना ते दारात दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात. मी कधी बघत नाही.

गोव्यात उन्हात शीड पसरून तपासताना दोघंही थकलो. परतताना विमानतळावर कोणी सांगायच्या आत काकांनी खिसे उलटे केले, आणि ट्रेमध्ये दोराची एक छोटी कप्पी पडली. विक्रेत्याकडे त्यांनी ती नुसती बघायला उचलली होती, ती चुकून खिशातच राहिली. काकांचा चेहरा पडला.

"कुरिअरने पाठवू की," मी म्हटलं. "चला, विमान लागलंय."

"तोवर ती माझ्याच खिशात ना, ताई? अख्ख्या नोकरीत माझ्याकडे कधी काही निघालं नाही."

"अहो, तिकीट वाया जाईल."

"जाऊ द्या."

कप्पी परत द्यायला ते मागे फिरले. शिडाचं गाठोडं घेऊन मी एकटीच घरी आले, चिडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आणायला बसस्टँडवर गेले. रात्रभराच्या प्रवासाने डोळे सुजलेले, तरी गाडीत बसण्याआधी त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले. मी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हटलं, "बसा."