नकार दिला होता का?

कानवाल्याचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. ऐकायची यंत्रं दुरुस्त करतो म्हणून कानवाला, झालं! चष्म्याच्या दुकानाशेजारी जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा. तिथे डोळ्याला भिंग लावून एकतीस वर्षं त्याने लोकांची यंत्रं चालती ठेवली. गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी, त्यामुळे सगळं बोलणं ओरडून. घरी आला तरी आवाज खाली यायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, मी बहिरी नाही, तुमची बायको आहे!"

तेव्हा ही यंत्रं चार कंपन्या बनवत. एकीचा इवलासा स्पीकर मिळाला नाही तर दुसरीचा बसवायचा, काम भागायचं. मग सगळ्यांत मोठ्या कंपनीने बाकीच्या तिन्ही एकेक करून गिळल्या आणि सुटे भाग बाहेर देणंच थांबवलं. यंत्र बिघडलं? नवं घ्या! अहो, ऐंशीतल्या माणसाने दर दोन वर्षांनी नवं यंत्र आणायचं कुठून? पण विचारतो कोण!

कानवाला दर महिन्याला कंपनीच्या कचेरीत जाई. काउंटरवरची मुलगी मोठी गोड. "काका, बसा, पाणी घ्या." भाग मागितले की म्हणायची, "बघू हं." आतले साहेबही म्हणायचे, "बघू." अशी दोन वर्षं गेली. आता 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला सांगायला हवं का? सायकल मागितल्यावर बाप 'बघू' म्हणाला की पोर तिथेच भोकाड पसरतं. इकडे कानवाल्याच्या खणात दुरुस्तीला आलेली यंत्रं साठत चालली, चौदा झाली. भाग मिळाले तर दुकान राहणार, नाहीतर जिन्याखालची जागा सोडावी लागणार. सरळ हिशेब.

अशात एक वकीलबाई त्याला शोधत आली. बाजार एकाच कंपनीच्या मुठीत जाऊ नये म्हणून नेमलेल्या स्पर्धा आयोगापुढे तीन शहरांतल्या तीन दुरुस्तीवाल्यांनी तक्रार केली होती. चौथा हा.

"स्पर्धा?" बायको हसली. "गुडघे धरून जिना उतरता तुम्ही!"

पण साक्षीच्या दिवशी सदऱ्याला इस्त्री तिनेच केली.

कंपनीचा वकील शांत माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला. "कंपनीने तुम्हाला भाग द्यायला नकार दिला होता का?"

कानवाल्याने विचार केला. शपथ घेतलेली होती, आणि तशीही खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. समोर वकीलबाई डोळे मोठे करून पाहत होती.

"नाही," तो म्हणाला. "नकार असा नाही दिला. बघू म्हणाले."

कारकुनाने टाइप केलं: नकार दिला नाही, विचार करू असे सांगितले. कानवाल्याने भिंग काढून ते दोनदा वाचलं आणि सही केली. शब्द न् शब्द खरा होता.

बाहेर आल्यावर वकीलबाईने कपाळाला हात लावला. "काका, अहो नाही म्हणाले, एवढंच सांगायचं होतं!"

"पण ते नाही म्हणाले नव्हते ना हो."

काय बोलणार अशा माणसाशी!

निकाल चौदा महिन्यांनी लागला. आयोगाने कंपनीचे कान चांगलेच उपटले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, करायलाच हवं होतं. तिघा दुरुस्तीवाल्यांना भाग मिळू लागले. कानवाल्याबद्दल मात्र एकच ओळ होती: नकार सिद्ध होत नाही, त्यांनी कंपनीकडे नव्याने अर्ज करावा.

"घाला तुमचा खरेपणा चुलीत!" बायको कडाडली. मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसून राहिली. त्याला फार वाईट वाटलं, कारण ती क्वचित रडायची.

अर्ज त्याने केला. अर्ज विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. सहा महिने वाट पाहून त्याने जागा सोडली. भाग मिळत होते ती तीन शहरं लांब, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना स्वतःचा जिना उतरवत नव्हता. म्हणून चौदा यंत्रं चौदा पुड्यांत बांधून तो घरोघर परत द्यायला निघाला. कुणी चिडलं, कुणी नुसतंच हात जोडले.

शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं. एकट्याच राहायच्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. तो काही बोलायच्या आत त्यांनी पुडी सोडून यंत्र कानात घातलंसुद्धा.

"बाई, ते बंदच आहे," तो ओरडला. "माझ्याच्याने झालं नाही. माफ करा मला."

बाई त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. ओठ वाचता आले की नाही कोण जाणे, पण त्याचे डोळे भरलेले त्यांना नक्की दिसले.

"वा! अगदी स्वच्छ ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे हो. आता लेकीशी फोनवर बोलेन."

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. बाई त्याच्याकडे पाहून हसत होत्या.