दाबायची बॅटरी

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि यांचं ऑफिस ग्वाल्हेरहून भोपाळला हललं. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत यांनी एकट्याने राहायचं आणि मी व सासूबाईंनी ग्वाल्हेरलाच माधवगंजच्या घरात, असं ठरलं. मी हजीऱ्याच्या शाळेत शिकवत होते. थंडीत घरी पोचेपर्यंत काळोख पडे. त्यातून आमची गल्ली नळाच्या पाइपांसाठी खोदून ठेवलेली, आणि लाईट तर केव्हाही जाई.

"तुझ्या पिशवीत कायम राहील अशी बॅटरी घेऊन देतो," हे म्हणाले. "म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

शिंद्यांची छावणी भागातल्या एका दुकानदाराने दोन बॅटऱ्या काढल्या. एक लांबट, दोन सेलची. उजेड लख्ख, पण जड, आणि पिशवीच्या तोंडातून अर्धी बाहेर राही.

"सेल संपत आले ते कळणार कसं?" मी विचारलं.

"पेटेनाशी झाली की कळेल," हे म्हणाले.

मला नेमकी तीच भीती होती. दुसरी मुठीत मावणारी, सेल नसलेली. बाजूची पट्टी दाबत राहायचं, की आत चाक फिरून दिवा लागे.

"बहनजी, इसमें सेल का झंझट ही नहीं," दुकानदार म्हणाला.

मी ती घेऊन मागच्या अंधाऱ्या कोठीत गेले. पिवळट उजेडात पुढची जमीन दिसे, तेवढीच. शिवणयंत्रासारखा घर्र घर्र आवाज होई आणि बोटं लगेच दुखत. यांना ती खेळणं वाटली, पण मी तीच घेतली. हे भोपाळला गेल्यावर मी घरात सराव करत असे. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या, कधी खांद्याला वह्यांची पिशवी अडकवून. हात बदलताना क्षणभर अंधार होई. त्या क्षणी पाय खड्ड्यात गेला तर, हा विचार सुटत नसे.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर लाईट गेलेली आणि दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सासूबाई कीर्तनाला गेल्यात. बाकीच्या बायका तर केव्हाच परत आल्या."

मी तशीच निघाले. बॅटरी दाबत खड्ड्यात डोकावत, हाका मारत देवळाशी पोचले. "अहो, त्या केव्हाच निघाल्या," पुजारी म्हणाले. मी मागल्या गल्लीने परत फिरले. बोटं वळेनाशी झाली, तरी थांबायची हिंमत होईना. आता हाकाही न मारता नुसती पुढची जमीन बघत चालले होते.

वळणावर आवाज आला, "कोण शिवतंय हो मशीनवर? मला जरा घरापर्यंत सोडता का?"

सासूबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, दोन्ही तळवे भिंतीवर टेकलेले.

"आई, मी आहे. बॅटरी आहे माझ्या हातात."

"असेल. मला पिवळा ठिपका दिसतो नुसता."

"असं केव्हापासून?" मी विचारलं.

"झाले पुष्कळ दिवस. दिवसा निभतं गं. रोज बायकांबरोबर येते, आज गर्दीत चुकामूक झाली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. नोकरी सोडून परत येऊन बसेल."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवून मी चालू लागले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढचे दिवस फार जड गेले. सांगावं तर त्यांचा विश्वास जाईल. न सांगावं तर एखाद्या दिवशी त्या खड्ड्यात सापडतील. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा.

हे रजेवर आले, तेव्हा मी सांगून टाकलं. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. चहासुद्धा स्वतः करून घेऊ लागल्या, चाचपडत. यांनी रजा वाढवली, पण नोकरी सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय. एक डोळा नक्की सुधारेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. ऑपरेशननंतर तसंच झालं, एकाच डोळ्याने दिसू लागलं.

पट्टी सुटली त्या सकाळी मी खाटेशी उभी होते. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"केवढी वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."