गरमी यायच्या आत

ईट गावच्या दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलंच नाही. कुत्रं चावल्यामुळं मला तिथं चार खेपा घालाव्या लागल्या, आणि सुई बघितली की या वयातही मला घाम फुटायचा.

सिस्टरनी त्यावर इलाज काढला होता. बंद पडलेल्या पाण्याच्या कूलरमधली, करंट गेला की एका बाजूनं गार पडणारी वडीएवढी चिप काढून तिला बॅटरी आणि बटण जोडलं होतं. बॅटरीच्या थोड्या करंटवर चिप आधीच गार असायची. ती दंडावर टेकवून त्या बटण दाबायच्या, की जादा करंट जाऊन कातडी बधिर व्हायची. "एक, दोन, तीन," म्हणत त्या बटण सोडायच्या, आणि सुई कधी गेली ते कळायचंही नाही.

तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "सिस्टर, आज बटण मी दाबतो." त्यांनी हसून बटण माझ्या हातात दिलं. गारवा इतका झकास वाटला की मी दहापर्यंत मोजत राहिलो. चिप आधी कोमट झाली, मग चक्क गरम.

"असं हावऱ्यागत दाबत बसायचं न्हाय, काका," त्या म्हणाल्या. "करंट वाढवला की गारवा लगेच येतो. गरमी मागनं चालत येती. ती पोचायच्या आत बोट उचलायचं."

त्या दिवशी सुई चांगलीच लागली.

चौथ्या खेपेला काम झाल्यावरही मी खुशीत गप्पा मारत बसलो. दाराबाहेर रांग वाढत होती. सिस्टरनी कापूस उचलत, माझ्याकडं न बघता, हळूच मोजायला सुरुवात केली, "एक, दोन..."

तीन व्हायच्या आत मी उठलो.