निशाणी डावा अंगठा

आख्ख्या वाशिम जिल्ह्यात स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर माझ्या साडूंइतका भरवसा असलेला दुसरा माणूस सापडणार नाही. मेडशीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवतात. धावत्या विद्युतभारित कणांच्या झोताभोवती चुंबकीय क्षेत्र किती आणि कोणीकडे, एवढाच त्यांच्या जिवाचा विषय. नियम सोपा आहे. धन कणांचा झोत जिकडे चालला तिकडे उजवा अंगठा धरायचा. बाकीची बोटं वळतात तसं क्षेत्र झोताभोवती फिरतं, आणि दुप्पट लांब गेलं की निम्मं होतं. साडू हा नियम वर्गात ठेवून घरी येत नाहीत. मुंग्यांची रांग दिसली की अंगठा वर. लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली निघाली की तिच्या रोखानं अंगठा वर. वाढपी समजतो यांचं पोट भरलं, आणि पुढं जातो. कामरगावच्या फाट्यावर ते असेच अंगठा धरून विचारात उभे होते, तर काळीपिवळी जीप करकचून थांबली.

"बसा, गुरुजी."

"मी बसून नाही राह्यलो. दिशा काढून राह्यलो."

"दिशा मले मालूम हाय," ड्रायव्हर म्हणाला. "कारंजा. बसा!"

साडू बसले. जायचं होतं मेडशीला.

पोहरादेवीच्या यात्रेत तर त्यांनी गर्दीचंही गणित मांडलं. झोत सगळीकडे सारखा दाट असला तर त्याच्या मधोमध क्षेत्र शून्य असतं, काठाकडे वाढत जातं आणि काठावर सगळ्यात जास्त भरतं. म्हणून माझ्या मेव्हणीला, म्हणजे आमच्या ताईला, त्यांनी ऐन गर्दीच्या मध्यावरून चालायला लावलं. ताई पलीकडे निघाली ती एका चपलेनिशी. "तुमच्या शून्यात माही चप्पल गेली," एवढंच ती बोलली. साडूंनी गर्दी सारखी दाट नव्हती असा खुलासा केला.

त्यांचं वैर एकाच कणाशी होतं, इलेक्ट्रॉनशी. तो ऋण, त्याच्या झोतासाठी डावा अंगठा धरला तर क्षेत्राची दिशा थेट मिळते. पण साडूंच्या वर्गात डाव्या हाताला बंदी. "उजव्यानंच काढा अन् उत्तर उलटं करा." एकदा मी कारण विचारलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, अक्षरओळख नव्हती. मुलाच्या शाळेच्या कागदापासून सगळीकडे त्यांच्या नावापुढं एकच मजकूर असायचा : निशाणी डावा अंगठा. "आमच्या घरात डावा लय झाला, साडूभाऊ," ते म्हणाले. "आता उजवा."

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. वाचा परत आली, पाय परत आला, उजवा हात आला नाही. साडू खाटेवर बसून त्या हाताकडे पाहत राहायचे. "हात नाही, तं कायचा मास्तर? राजीनामा देऊन टाकतो." ताईनं एकच अट घातली : एक डाव वर्गात जाऊन या, मग काय ते लिहा.

मी त्यांना घेऊन गेलो आणि वर्गाच्या दाराशी थांबलो. फळ्याकडे पाठ करून त्यांनी सवयीनं सुरुवात केली, "समजा, प्रोटॉनचा झोत..." आणि सवयीनंच खांदा उचलला. हात खालीच लोंबत राहिला. साडू दाराकडे वळले.

तेव्हा दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, प्रोटॉनच काहून? इलेक्ट्रॉनचा घ्या ना झोत."

मागून कोणीतरी हसलं. "सरच्या वर्गात डावा? मरशीन!"

साडू दाराकडून परत वळले. मग त्यांनी डावा हात वर केला, अंगठा खिडकीकडे धरला आणि बोटं हळूहळू वळवली. "पाहा पोट्टेहो," ते म्हणाले, "काही उलटं करा लागत नाही."

राजीनाम्याचं नाव नंतर निघालं नाही. परतताना गाडीत ते डावा अंगठा उन्हात धरून त्याच्या रेषा पाहत होते.

"दिशा बरोबर आली," ते म्हणाले. थोड्या वेळानं, मला नव्हे, खिडकीबाहेर बघत : "बाप असता, तं त्याले दाखवली असती."