तेहतीस अनारसे आणि पाण्याखालची जीप

आमची जीप नदीतून पोहत गेली असं मी सांगितलं की परभणीतले लोक हसतात. हसू द्या. पोहत नव्हतीच ती, चालत होती. तळाच्या फरशीवरून, बॉनेटवर पाणी घेऊन. आणि त्या पाण्याच्या पोटात तिची ठिणगी जिवंत होती. पाण्यातून विस्तव नेताना मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही स्टिअरिंगवर बसून.

आमचं घर बोरीत. थोरली बहीण सहा किलोमीटरवर दिलेली, मधे नदी. नदी कसली, वर्षातले दहा महिने शेळीसुद्धा तिच्याकडं न बघता ओलांडायची. पण त्या वर्षी खालच्या अंगाला नवा बंधारा झाला, आणि अधिक श्रावणात पाणी असं तुंबलं की रस्त्याची फरशी छातीइतकी खाली गेली. धार नव्हती. हिरवं, गप्प, उभं पाणी, दीडशे पावलं रुंद. लांबच्या वाटेवरचा पूल आधीच खचलेला.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर तुपाचा दिवा लावून. बहिणीच्या लग्नापासून आईचा एकही अधिक चुकला नव्हता. दर वेळी दाजी आमच्याकडे यायचे, पुरणाचे धोंडे खायचे आणि दोन दिवस झोपायचे. या वेळी ते पलीकडं अडकले. महिन्याचे दोन दिवस उरले. आई सत्तरी ओलांडलेली. परातीतले अनारसे मोजता मोजता ती म्हणाली, "पुढचा अधिक तीन वर्षांनी. तवा मी चुलीपाशी आसंन का भिंतीवरच्या फोटोत, कुनी सांगावं?"

लोक थर्माकोलच्या तराफ्यावरून ये-जा करत होते, तेवढं मी सुचवून पाहिलं. देवाचं वाण थर्माकोलवर नेण्यापेक्षा मी स्वतःच तेहतीस खाते, असं उत्तर मिळालं.

राहिली जीप. वडिलांनी लिलावात घेतलेली, पेट्रोलवरची, वयानं माझ्यापेक्षा मोठी. पेट्रोल अशी प्यायची की पंपावरून घरी येईपर्यंत पुन्हा पंप आठवायचा. आणि पाण्याला एवढी भित्री की शेजारच्या घरात कुणी आंघोळ केली तरी इकडं बंद पडायची.

परभणीहून वडिलांच्या दोस्तीतला म्हातारा मिस्त्री बोलावला. पिशवी घेऊन एसटीतून उतरला, जीपभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली आणि मला म्हणाला, "डिझेलला ठिणगी लागत न्हाई. ते म्हशीवानी पान्यात बसतंय. पेट्रोलला ठिणगी लागती. तेवढी कोरडी ठिवली की नदी काय, दर्या पार."

मग त्या माणसानं दिवसभर जे केलं ते मी तोंड उघडं ठेवून पाहिलं. करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून त्याच्या कडेला ग्रीस भरलं, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरी एकेक करून तशाच बांधल्या, ग्रीस, रबर, परत ग्रीस. बाळंतिणीचे कान बांधतात तितक्या मायेनं. ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल उचलून वर काचेपाशी नेली. पंख्याचा पट्टा काढून टाकला, कारण पाण्यात फिरणारा पंखा आपणच इंजिनावर पिचकारी मारतो. इंजिनाला हवा घ्यायला शेतातला प्लास्टिकचा पाइप टपाच्या वर नेला, सायलेन्सरचा धूर दुसऱ्या पाइपानं तसाच वर. तेलाची काठी जिथं बुडते ते भोक मेणानं लिंपलं. गिअरबॉक्स, आस आणि पेट्रोलची टाकी यांना श्वास घ्यायची बारीक भोकं असतात. त्यांना ठिबकच्या काळ्या नळ्या जोडल्या आणि साऱ्यांची तोंडं वर काचेच्या चौकटीला बांधली. संध्याकाळी जीप दवाखान्यातल्या पेशंटसारखी दिसायला लागली.

आई हे सगळं अनारशांचा डबा बंद करता करता बघत होती. डब्याच्या झाकणाला तिनं कणीक लावली होती, पाण्याचा थेंब शिरू नये म्हणून. तिच्या बंद केलेल्या बरणीत मुंगी तर सोडाच, मुंगीचा विचारही शिरत नसे.

शेवटच्या दिवशी सकाळी निघालो. टाकी काठोकाठ. मी गाडीवर, शेजारी मिस्त्री, मागं आई मांडीवर डबा घेऊन. वाण दिल्याशिवाय ती पाणीही पिणार नव्हती. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं अशी जमलेली की जत्रेला लाज वाटावी. पलीकडं बहीण आणि दाजी, दाजींचा फेटा लांबूनच दिसत होता.

"पहिला गिअर. हळू. आन थांबायचं न्हाई," मिस्त्री म्हणाला.

पाणी आधी चाकाला लागलं, मग पायाला, मग मांडीला. पुढं पाण्याची एक गोल घडी पडली आणि आमच्या आधी आधी सरकू लागली. बॉनेट बुडलं. खाली खोल कुठंतरी इंजिन गुरगुरत होतं. एक मरळ मासा उजव्या बाजूनं आत आला, क्लच-ब्रेकची नीट पाहणी करून डाव्या बाजूनं निघून गेला. शपथ घ्यायला सांगू नका. अंगावर काटा आला होता एवढं मात्र शपथेवर सांगतो.

बरोबर मधोमध इंजिन खोकललं. दोनदा. आणि थांबलं.

अशी शांतता मी परत ऐकली नाही. मिस्त्रीनं पाण्यात वाकून बॉनेटखाली हात घातला, मला स्टार्टर मारायला लावला, आणि झटका खाऊन हात मागं घेतला. ठिणगी शाबूत होती. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि लगेच गेला.

"करंट हाय," तो हळू म्हणाला. "पेट्रोल यायना."

"टाकी तर भरलेली हाय की," आई मागून म्हणाली.

"काठोकाठ हाय, वहिनी. तरी यायना."

मग आईचा अपराध्यासारखा आवाज आला. "मिस्त्री, तेलाच्या डब्याला भोकं किती पाडावी लागत्यात?"

"दोन."

"एकानं भागत न्हाई?"

"एकानं कसं भागंल? हवा आत गेल्याबिगर तेल भाईर..." मिस्त्री वाक्य अर्धं टाकून वर बघू लागला. मीही पाहिलं. काचेच्या चौकटीला बांधलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडात कणकेची एकेक गोळी, घट्ट ठासलेली. निघताना मिस्त्री हात धुवायला गेला होता, तेवढ्यात आईला ती उघडी तोंडं बघवली नव्हती.

तिनं अंबाड्यातला आकडा काढला, उभी राहिली आणि टाकीच्या नळीतली गोळी उपसून काढली. सूंऽऽ करून त्या नळीनं श्वास आत ओढला. एवढा लांब, की मला वाटलं काठावरचे फेटे ओढले जातील. चौथ्या स्टार्टरला पाण्याखाली ते म्हातारं इंजिन जागं झालं. मिस्त्रीनं दोन्ही हात कपाळाला लावले. जीपला की आईला, ते त्यानं सांगितलं नाही.

पलीकडं चढलो तेव्हा तिथीत थोडाच वेळ उरला होता, म्हणून वाण काठावरच द्यायचं ठरलं. डबा आतून खडखडीत कोरडा. दाजी चिखलातल्या पाटावर बसले. काड्यापेटी मात्र आईच्या ओच्यात भिजून गेलेली. काठावर शंभर बिड्या पेटल्या होत्या, पण बिडीच्या विस्तवानं वाणाचा दिवा लावायला ती तयार होईना.

मिस्त्रीनं एक प्लग काढला, वायरीला लावून बॉनेटला टेकवला. थोडा कापूस पेट्रोलमध्ये बुडवून चिमट्यात धरला आणि जीपपासून लांब हात करून मला स्टार्टर मारायला सांगितला. टच् करून निळी ठिणगी उडाली. तीच, जिला आम्ही पाण्याखालून कोरडी आणली होती. कापूस पेटला, कापसानं वात पेटली, आणि तेहतीस अनारशांवर दिवा उभा राहिला.

आईनं ताट दाजींच्या हातात दिलं. मग बहिणीच्या हातून गडवा घेऊन ती त्या दिवसाचं पहिलं पाणी प्यायली. मिस्त्री अजून प्लग हातात धरूनच उभा होता.