तीन हॉर्सपॉवरची मोटार आणि माझी पाळत

अमरावतीला समुद्र नाही, तरी तुमच्या आजोबांनी होडीचं इंजिन विकत घेतलं.

ते अकोल्याच्या भंगार बाजारात पंपाचा व्हॉल्व्ह आणायला गेले होते. परत आले ते गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून! आत गंजकं डोकं, लांब मान आणि खाली पितळी पंखा. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार, तीन हॉर्सपॉवरची, वय साधारण आमच्या लग्नाएवढं. (लग्न अजून चालू होतं. मोटारीची खात्री नव्हती.)

"अगं, व्हिंटेज आहे ही!"

"म्हणजे जुनी," मी म्हटलं.

भातकुलीच्या पुढे आपल्या शेताला लागून पाझर तलाव आहे, तो तुम्ही दोघांनी पाहिला आहे. तिथे मासे धरणाऱ्या नामदेवकडून आजोबांनी एक जास्तीची होडी मागून घेतली आणि मोटार बसवली. मी नारळ फोडला आणि मागच्या फळीवर, मोटारीच्या शेजारी बसले. आजोबांनी दोरी ओढली. असा आवाज झाला की तलावावरचे बगळे उडून गेले. होडी मात्र म्हशीच्या चालीने निघाली. नामदेव शांतपणे वल्हं मारत बाजूने पुढे गेला आणि वळून म्हणाला, "साहेब, दोर टाकू काय? वढून नेतो!"

हा अपमान आजोबांना झोंबला. त्यांनी अकोल्याहून सुधाकरला बोलावलं. सुधाकर म्हणजे पंपांचा आणि मोटारसायकलींचा नावाजलेला मेकॅनिक, आणि सातवीत माझा विद्यार्थी. आता टक्कल पडलंय, दोन मुलींची लग्नं झालीत; पण मला पाहिलं की अजून हात मागे बांधून उभा राहतो.

त्याने प्लग पुसला, कार्बोरेटर उघडला, पंख्याच्या पात्यांच्या कडा कानशीने सारख्या केल्या. मोटारीबरोबर एक पिवळं पडलेलं इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते मी मोठ्याने वाचून दोघांना मराठीत समजावलं. वेग हवा असेल तर पेट्रोल ताजं हवं, ऑइल मापात हवं, होडीचा तळ खरवडून गुळगुळीत हवा आणि भार पुढेमागे सारखा वाटलेला हवा. मी ताबडतोब पाण्याचा कॅन आणि डबा पुढच्या टोकाला नेऊन ठेवला आणि परत मागे येऊन बसले.

सुधाकरने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आभाळाकडे पाहिलं. ही पहिली संशयास्पद गोष्ट.

दुसरी आणखी वाईट. मंगळवारी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा दोघं तलावावर जाऊन आले. आजोबा शिट्टी वाजवत घरी आले. "काय पळाली! पाणी दोन्ही बाजूंनी फाटत होतं!" गुरुवारी मी गेले, तर पुन्हा म्हैस. शनिवारी मी नव्हते, पुन्हा पळाली. मी असले की रांगते, नसले की पळते! तुमची आजी चाळीस वर्षं शाळेत होती. मी पाठमोरी झाले की वर्गात काय चालतं हे मला कोणी शिकवायला नको. माझ्यापासून काहीतरी लपवलं जात होतं.

"सुधाकर, आज काय बदललंस?"

"काई नाई बाई. थे... थोडीशी हवा सोडली."

"मोटारीत हवा असते?"

"म्हंजे... पेट्रोलमंधली हवा."

खोटं! कानाची पाळी लाल झाली की सुधाकर खोटं बोलतो, हे मी सातवीपासून ओळखते.

"तू काठावरून बघ ना," आजोबा मधेच म्हणाले. "ऊन लागेल तुला." लग्नापासून या माणसाला माझ्या उन्हाची पहिल्यांदा आठवण झाली होती. माझा संशय पक्का झाला.

संतापाच्या भरात मी नामदेवसमोर जाहीर केलं, की येत्या रविवारी ही मोटार नामदेवच्या वल्ह्यांआधी पलीकडच्या बाभळीखाली पोहोचली नाही, तर सोमवारी ती अकोल्याच्या भंगारात परत जाईल.

"मंजूर," आजोबा म्हणाले.

घरी येऊन ते फडक्याने पंखा पुसत बसले. निवृत्तीनंतर दोन वर्षं हा माणूस नुसता खिडकीत बसून रस्ता बघत होता. ही मोटार आल्यापासून पहाटे उठून गाणं म्हणत होता. मला माझा शब्द गिळावासा वाटला. पण मुख्याध्यापिकेने दिलेली शिक्षा मागे घेतली की शाळा संपली. म्हणून एकच उपाय उरला. रविवारी सुधाकरच्या हातावरची नजर हलवायची नाही, म्हणजे त्याची लबाडी चालणार नाही आणि मोटार पळेल.

रविवारी काठावर अर्धं गाव. मी साडीवर नारिंगी जॅकेट चढवलं (हो, बुडू नये म्हणून, तुमच्या आईला सांगा) आणि मागच्या फळीवर जागा घेतली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दांडा धरून आजोबा, समोर पायाशी सुधाकर.

"बाई, आजच्या दिवस काठावर..."

"काहून?" मीही वऱ्हाडीत विचारलं.

मोटार गरजली. होडीचं नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात, आणि आम्ही रांगायला लागलो. नामदेव बीडी पेटवून मगच निघाला, तरी अर्ध्या वाटेवर पुढे होता. आजोबांचा चेहरा उतरला.

एवढ्यात सुधाकरने घाईघाईने काहीतरी खिशात सारलं!

"सापडलास! काय लपवलंस? इकडे दे!"

"काई नाई बाई, आईशप्पथ!" तो मागे सरकत सरकत होडीच्या पुढच्या टोकाला गेला. मीही गेले. पाण्याच्या कॅनवरून, डब्यावरून, थेट त्याच्यापर्यंत, आणि त्याची कॉलर धरली.

तेवढ्यात होडीचं नाक 'थप्प' करून खाली आलं आणि होडी सुटली! पाणी दोन्ही बाजूंनी फाटलं. नामदेवची बीडी तोंडातून पडलेली मी जाताना पाहिली.

"अगं खाली बस! मला समोरचं दिसत नाहीये!" आजोबा ओरडले.

"आधी खिसा दाखवू दे याला!"

खिशातून निघाली खर्ऱ्याची पुडी. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा! पन्नाशीचा माणूस बाईंपासून खर्रा लपवत होता! मी ती पुडी जप्त केली आणि त्याच क्षणी काठ आला. होडी चिखलात थांबली. मी थांबले नाही. काळ्या मातीत गुडघ्यापर्यंत उभी, हातात पुडी, डोक्यावर शेवाळ.

मागून नामदेव आला. सगळ्यांनी निकाल त्यालाच विचारला. त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "पयले बाई पोचल्या. मंग होडी. मंग मी."

आजोबांनी चिखलात उडी मारून मला मिठीच मारली, अर्ध्या गावासमोर!

मी चिखलातूनच विचारलं, "सुधाकर, आता खरं सांग. मोटारीत काय खराबी होती?"

सुधाकर हात मागे बांधून उभा राहिला. "मोटरीत काईच नोतं बाई. तुमी अन् साहेब दोघंबी मांगं बसले की होडी मांगं दबे. पुस्तकात लिवलंच होतं, तुमीच वाचून सांगतलं."

"मग मला का नाही उठवलंस?"

"बाई, आमाले तुमच्यासमोर उभं राहाची सवय हाय. तुमाले उठवाची नाई."

भार वाटताना मी कॅन मोजला होता, डबा मोजला होता. स्वतःला मोजायचं सुचलंच नाही.

हल्ली मी पुढे बसते, मोटारीकडे पाठ करून. मागे ते दोघं काय करतात ते मला दिसत नाही. आणि होडी इतकी छान पळते, इतकी छान पळते, की मला पुन्हा संशय यायला लागला आहे!