गोंदण फुटलं

चंद्राला किळस पटकन यायची, आणि आलेली किळस गिळायची तिला सवय नव्हती. चिंचणीच्या बाजारात शिळी पापलेटं बर्फात घोळवून ताजी म्हणून खपवणारी असो, की नाकाला रुमाल लावून सुके बोंबील चिवडणारं गिऱ्हाईक असो, चंद्रा कुणाची भीड ठेवत नसे. "घ्यायचं तर घे, नायतर हात काढ टोपलीतनं. मासळीला वास नाय येणार तर काय अत्तर येणार?"

पण २०१७च्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं बोंबील सोडून तिचा गालच बघायला लागली. उजव्या गालावर गोंदणाचा एक टिपका होता. ती परकरी पोर असताना तिच्या बयनं, म्हणजे आईनं, गोंदवून घेतलेला. आता त्याच्याभोवती डाग पसरला होता, कडेला वेडावाकडा, कुठे काळाकुट्ट तर कुठे चहासारखा. अख्ख्या आळीचं निदान एकच, गोंदण फुटलं. वय झालं की शाई पसरते, त्यात काय मोठं! शेजारची रूपी तर रोज नवा इलाज घेऊन दारात उभी. आज लिंबू, उद्या चुना, परवा कसलासा काळा लेप.

"शी! मेल्या उंदरावानी वास मारतोय," चंद्रा म्हणाली. "आधी तुझ्या थोबाडाला लाव, मग मला सांग."

सुनेनं, भाविकानं, तिला डहाणूला एका पार्लरात नेलं. तिथल्या बाईनं लांब नखांनी गाल चिमटीत धरला. "जाळून टाकू, आंटी. दोन मिनिटांचं काम. एकदम गोऱ्या दिसाल." चंद्राला शिसारी आली. ती खुर्चीतून उठली ती थेट रिक्षात जाऊन बसली.

गोंदण जाळणार म्हणे! अरे, माणूस मेलं की डागिने पोरं काढून घेतात, लुगडं जळून जातं. संगती येतं ते एकटं गोंदण. बय म्हणायची, "तिकडं गर्दीत मी तुला या टिपक्यावरनं वळखीन." बय गेली तेव्हा चंद्रा सासरी होती, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्या टिपक्याला परक्याचा हात लागलेला तिला खपणार कसा?

भाविका मात्र चिवट निघाली. तिनं आपल्या लग्नातला फोटो फोनवर काढून सासूपुढे धरला. "बघा आई. तेव्हा हा डाग मसुराएवढा होता, आता रुपयाएवढा झालाय. गोंदण असं वाढतं का?" चंद्रानं तोंड फिरवलं. पण भाविकानं दोन दिवस चूल पेटवली, जेवण वाढलं आणि स्वतः एक घास खाल्ला नाही. शेवटी चंद्रा कुरकुरत निघाली.

डहाणूला कातडीच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा बसायच्या. त्यांनी गालाला गार, बुळबुळीत काहीतरी चोपडलं. चंद्राच्या अंगावर काटाच आला. मग फोनला लावलेलं एक गोल भिंग गालावर टेकवलं, दिवा लागला आणि फोटो निघाला. फोटोत गाल एवढा मोठा दिसला की भाविका दचकली.

"मावशी, बघताय? हे निळे कण म्हणजे तुमचं गोंदण. शाई होती तिथेच आहे, ती फुटलेली नाही. आणि हे राखाडी बघा. लवेच्या छिद्राछिद्राभोवती अर्धवट कडी करत चाललंय. साधा वांग असा नसतो. आपल्याकडे क्वचितच दिसतं, पण मला हे बरं वाटत नाही. तुकडा काढून तपासायला हवा."

"झाका आधी ते!" चंद्रा ओरडली. "ओकारी येते."

डागाच्या काळ्या कडेचा तुकडा मुंबईला गेला. काही दिवसांनी त्या दोघी परत आल्या, तेव्हा बाईंनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर होता. पण अजून कातडीच्या वरच्याच थरात होता. आता सगळा डाग काढला तर चंद्रा सुटण्यासारखी होती. राहू दिला तर तो आत उतरणार होता.

"आणि गोंदण?"

"ते डागाच्या मधोमध आहे, मावशी. ते नाही राहणार."

"मग डाग ऱ्हाऊ दे," चंद्रा म्हणाली आणि पदर खोचून उठली.

भाविका दारात आडवी झाली. तिला हुंदका आवरेना. "तुमची बय तिकडं वळखील तुम्हांला, पण इकडं आम्ही कुणाला आई म्हणायचं?"

"नाक पूस. शेंबूड गळतोय, शी!" चंद्रा म्हणाली खरी, पण पाय काही उचलला नाही. मग खुर्चीवर बसली आणि डॉक्टरीणबाईंपुढे हात केला. "दाखव तो फोटो."

फोन तिनं डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "काय घाण दिसतंय मेलं! सडलेल्या मासळीचा कल्ला परवडला. हे कागदावर काढून मिळंल?"

"मिळेल की."

"मग कापा काय कापायचं ते." फोन परत देऊन ती सुनेकडे वळली. "मी मेल्यावर तो कागद माझ्या संगती जाळायचा, ध्यानात ठेव. पण आधी कात्रीनं निळा टिपका तेवढा कापून घे. बाकीची घाण माझ्या बयला दाखवायची नाय."